भाऊबीजेच्या आधी तुला लिहितोय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. काकांचं वर्षश्राद्ध नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलं आहेस, 'भाऊबीजेला ताई येतेच आहे, तेव्हाच हक्कसोडपत्राचं उरकून घेऊ.' त्या ओळीपाशी मी थांबलो, आणि हे पत्र फक्त त्याबद्दल आहे.

तो दिवस निवडू नकोस रे.

ताई पाटाभोवती रांगोळी काढणार, तुला कुंकू लावणार, सुपारी आणि अंगठी ओवाळणार, मग तुपाचं निरांजन. तुला आयुष्य मागणार. त्यानंतर तू ताटात ओवाळणी घालायची. या दिवशी भाऊ बहिणीच्या ताटात काहीतरी घालतो, त्यातून उचलून घेत नाही. यमद्वितीयेची गोष्टही तीच आहे. यमुना कितीदा बोलावते, यमाला सवड होत नाही. अखेर कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो जातो, ती त्याला ओवाळते, जेवू घालते. तो वर माग म्हणतो, तर ती म्हणते, दरवर्षी या दिवशी येत जा. साक्षात यम तिच्या दारी गेला तो द्यायला गेला.

कायद्याचं तुला ठाऊक असेलच, तरी लिहितो, कारण गावात अजून 'लग्नात दिलं की सगळं' असंच बोललं जातं. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच आणखी स्पष्ट केलं. काकांनी स्वतः घेतलेल्या मळ्याचं तर, मृत्युपत्र नसल्यानं, १९५६ च्या मूळ कायद्यानुसारच काकू, ताई आणि तू सारखे वारस. म्हणजे ताई तुझ्याकडे काही मागत नाहीये. जे तिचं आहे ते तू तिच्याकडे मागतो आहेस.

ती सही देईल, याची मला खात्री आहे. आमच्या आत्यानंही दिली होती. माहेर तुटेल या भीतीनं दिली. साडीचोळी देऊन तिची बोळवण झाली आणि सगळे म्हणाले, किती समजूतदार! पुढे तिचे यजमान गेले, मुलांची शिक्षणं अर्धवट होती, तेव्हा ती माहेरी मदत मागायला आली. त्या दिवशी तिला पाहुणीसारखा चहा मिळाला. मी लहान होतो, पण तिचा चेहरा मला आजही आठवतो. ज्या माहेरासाठी तिनं हक्क सोडला, ते तिला उरलं नाही. बायका सही नाकारत नाहीत, कारण नाकारली की त्या वाईट ठरतात. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात. भाऊ जिवंत असून चंद्राला ओवाळायची वेळ जिच्यावर येते, तिचं दुःख कुणाला सांगता येत नाही.

ताईला खरोखर नको असेल, तर तो तिचा निर्णय. पण तो तिनं सवडीनं घ्यावा, भावजींशी, लेकीशी बोलून, कागद स्वतः वाचून. असा कागद नोंदवायचं दुय्यम निबंधकाचं कार्यालय दिवाळीनंतरही उघडंच असतं. आणि कर्जाची अडचण असेल तर ती तिला उघड सांग. तू शाळेत असताना टायफॉइडनं पडलास, तेव्हा रात्र रात्र उशाशी बसली होती ती. तुझी अडचण ऐकून पाठ फिरवणारी नाही.

माझं ऐकशील तर आधी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दे आणि त्यात तिघांची नावं लिही. भाऊबीजेला ती पाटासमोर बसेल तेव्हा सातबाऱ्यावर तिचं नाव लागणार आहे, एवढं तिला सांग.

मी पाडव्याला गावी पोचतोय. जुने फेरफार आणि खाते उतारे काढून ठेव, आपण बसून बघू. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि ताईला म्हणावं, यंदा मीही ओवाळून घ्यायला येतोय.

तुझा,
बालमित्र