कमळ दोन टाळ्यांचं की तीन? मा. शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
नमस्कार. मी लालबागला राहते, मुलगी सिनियर केजीत आहे. परवा तिला घरी वर्कशीट आलं, शब्द म्हणा आणि उच्चाराचे जितके तुकडे पडतात तितक्या टाळ्या वाजवा. तिने 'कमळ'ला दोन टाळ्या वाजवल्या, क-मळ, म्हणून 2 लिहिलं. बाईंनी लाल पेनने फुली मारून 3 केलं.

आता तुम्हीच हनुवटीखाली हात धरून कमळ म्हणून बघा, हनुवटी दोनदाच खाली जाते. लिहिताना ळ पूर्ण अक्षर असलं तरी बोलताना त्यातला शेवटचा अ आपण खाऊन टाकतो. 'घर' आणि 'घरी' दोन्ही दोन अक्षरी, पण घरला एकच टाळी आणि घरीला दोन. पाच वर्षांच्या पोरीला हे ऐकू आलं हो, आणि आपण तिला सांगतो की कान चुकला.

बाईंचाही दोष नाही म्हणा, आपल्याला लहानपणापासून अक्षरंच मोजायला शिकवलंय. अभंगात तेच बरोबर असतं, मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरं, आणि माझ्या सासूबाई म्हणतात तेव्हा क-म-ळ सुटं सुटंच ऐकू येतं. पण पोरं बोलतात ती मराठी वेगळी ना! बरं, महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या, त्यातल्या कन्नड-तेलुगूत अक्षरं तितक्या टाळ्या बऱ्याचदा जुळतात, मराठी-हिंदीत नाही जुळत, म्हणजे एकच कागद भाषांतर करून सगळीकडे वाटला की गोंधळ होणारच.

आम्ही आता लोकलमध्ये खेळतो. परळ, दादर, माटुंगा, सायन, कुर्ला. टाळ्या दोन, दोन, तीन, दोन, दोन. अक्षरं मोजली तर तीन, तीन, तीन, तीन, दोन. समोरच्या एक मावशी पण सामील झाल्या, त्या 'इस्टेशन' म्हणतात म्हणून त्यांच्या तीन टाळ्या, मुलीच्या 'स्टेशन'च्या दोन, आणि दोघी बरोबर, कारण आपण जसं बोललो तसं मोजायचं.

2021 ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं म्हणून. पण वाचायच्या आधी कान तयार व्हायला लागतो, शब्दाचे तुकडे ऐकू आले की मग ते अक्षरांना जोडता येतात. तिथेच फुली बसली तर पोरगं ऐकायचं सोडून बाईंच्या तोंडाकडे बघून टाळ्या वाजवणार, आमची आत्ताच तसं करायला लागलीय.

तर साहेब, बालवाडीच्या आणि पहिलीच्या बाईंच्या ट्रेनिंगमध्ये अक्षर वेगळं आणि उच्चाराचा तुकडा वेगळा एवढं अर्धा तास तरी घ्या, टाळ्यांचा खेळ तोंडीच ठेवा, त्याला कागद आणि मार्क नकोत. आणि वर्कशीट छापायचंच असेल तर छापण्याआधी मंत्रालयात कुणीतरी ते मोठ्याने म्हणून, टाळ्या वाजवून बघा.

आपली,
लालबागची एक आई