तीन रात्री फोन लागणार नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू पहिल्याच वाक्याला रडवेली झाली असतीस आणि बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते. म्हणून लिहितेय. नोव्हेंबरात मी इथल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीत उतरून तीन रात्री राहणार आहे. परवाना हातात आलाय, पैसेही भरलेत.

यावापाय पॉइंटवरून बाबांनी खोल खाली झाडांचा हिरवा ठिपका दाखवला होता, आठवतं? आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. तिथेच मुक्काम आहे, ब्राइट एंजल नावाच्या तंबूंच्या तळावर. दोन रात्री तिथे आणि तिसरी परतीच्या चढावर, हवासुपाई गार्डन्सला.

दिवसा उतरून परत यायला परवाना लागत नाही, पण खाली झोपायचं तर लागतोच. म्हाडाच्या घरांसारखी चार महिने आधी सोडत निघते. कुठली रात्र कुठल्या तळावर, हेही आधीच ठरवून द्यावं लागतं, कारण तळावर जागा मोजक्याच असतात. त्यामुळे मिळालेली तारीख सोडवत नाही. ती नेमकी तुझ्या गुडघ्याच्या तपासणीच्या आठवड्यात आली, आई, याचं फार वाईट वाटतंय. दादा येईल तुझ्याबरोबर, त्याच्याशी बोलून ठेवलंय. आणि या परवान्याचा एक फायदा बघ, आम्ही कुठल्या रात्री कुठे असणार हे तिथल्या रेंजरना माहीत असतं.

उन्हाळ्यात तळाशी पारा सहज चाळिशीपार जातो, तेव्हा जायचा विचारही केला नाही. नोव्हेंबरात खाली दिवसा वीस अंशांच्या आसपास असतं. वर कड्यावर मात्र रात्री शून्याच्या खाली जातं, म्हणून तू विणलेली लोकरीची टोपी बरोबर आहे. आम्ही चौघं आहोत आणि त्यातले दोघं आधी जाऊन आलेत. गेले कित्येक आठवडे पाठीवर वजन घेऊन जिने चढतेय.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट चटकन कळेल. आपल्या गडांवर चढ आधी असतो. दम लागला तर अर्ध्यातून मागे फिरायचं, पुढे सगळा उतारच. इथे ते उलटं आहे. कड्याची उंची 2,100 मीटरच्या वर, म्हणजे कळसूबाईपेक्षाही जास्त, आणि नदी त्याच्या जवळपास दीड किलोमीटर खाली. उतरताना माणसाला आपण किती खाली आलो ते उमगत नाही आणि खरा चढ शेवटी, थकलेल्या पायांवर येतो. म्हणूनच आम्ही तो दोन दिवसांत वाटून घेतलाय. उतरणार साउथ कायबाबच्या वाटेने. ती साधारण 11 किलोमीटरची आहे आणि तिच्यावर पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे प्रत्येकाच्या पाठीवर चार लिटर पाणी. तळांवर नळ आहेत, पण ती पाइपलाइन 1960च्या दशकातली, अधूनमधून फुटते. म्हणून ओढ्याचं पाणी गाळायचा फिल्टरही घेतलाय.

नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे खारट खात राहायचं असतं. मग तुझ्या चिवड्याहून चांगलं काय असणार? फोडणी घालून भाजलेला रवाही नेतेय. शेकोटीला बंदी आहे, पण छोटी गॅसची शेगडी चालते. गरम पाणी ओतलं की उपमा तयार. उपाशी राहणार नाही मी, आई. विंचवाची काळजी करशील, तर बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही हे तूच शिकवलंयस. तंबूची चेन कायम बंद असेल.

राजगडला निघायच्या आदल्या रात्री बाबा मला ओट्यावर बसवून पायाची नखं कापायचे. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला ठेचतो, म्हणायचे. मी पाय ओढून घ्यायचे, मग ते घोटा धरून ठेवायचे. इथे माहिती वाचताना तीच सूचना दिसली आणि तुमची इतकी आठवण आली बाबा, की पुढचं वाचवेना. डॉक्टरांनी तुम्हाला चढ बंद केलेत हे मला खुपतं. तुमचं राहिलं म्हणून मी जातेय असं मात्र मनात आणू नका. मलाच जायचंय, मनापासून. ही ओढ मला तुमच्यामुळेच लागलीय.

आता नीट ऐका. खाली मोबाइलला रेंज नाही. आमच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र आहे. रोज संध्याकाळी मी दादाला "ठीक आहे" असा संदेश पाठवीन. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. दरीत आकाश थोडंच दिसतं, त्यामुळे संदेश उशिरा पोचू शकतो. उशीर झाला म्हणून लगेच सगळ्यांना फोन करत सुटायचं नाही. बाबांनी रक्त पातळ करायची गोळी एकदाही चुकवायची नाही. "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, दिवाळीचे डबे दादा ठेवेल. तपासणीला जाताना जुना एक्स-रे न्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते लिहून ठेवा, मी वर आल्या आल्या फोन करते.

परवान्याची प्रत आणि वाटेचा नकाशा दादाला पाठवलाय. बाबा, त्याच्याकडून मागून घ्या, तुम्हाला बघायला आवडेल. आणि आई, मला वाटेसाठी दशम्या करायच्यात. कणीक नुसत्या दुधात भिजवायची की त्यातच गूळ विरघळवायचा, ते रविवारी फोनवर सांग.

तुमची,
मनू