वहिनी, पखवाज आता सुरात आहे

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर पखवाजाच्या कामातल्या मदतीचे आभार मानले तर तुम्ही नुसता अंगठा पाठवलात. (अंगठ्याचा जुना अर्थ मी घेतलेला नाही, काळजी नसावी.) तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालू नकोस म्हणालात, घालत नाही. वाडीतल्यांना ओळखायला नावाची गरज पडणार नाही; चतुर्थीला कोणाच्या पडवीत लॅपटॉप उघडा होता हे सगळ्यांनी पाहिलंय.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी दिवसा वेंगुर्ल्याजवळ काजूच्या कारखान्यात बिलं करतो आणि संध्याकाळी भजनात पेटी वाजवतो. आमचे पखवाजी आबा कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावताराबरोबर रात्र रात्र बाहेर असतात. मग आमची तालीम कीबोर्डमधल्या तयार तबल्यावर. तो तबला वाईट नाही, पण त्याला आबांचा हात नाही. धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडावर, पंजा पडला की छातीत जे हलतं, ते त्यात नाही. म्हणून ठरवलं, आबांचा एकेक बोल रेकॉर्ड करायचा आणि त्याचा प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, करायचा. कीबोर्डची पट्टी दाबली की आबांचा पखवाज वाजला पाहिजे. डिप्लोमाला शिकलेली सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा तोवर गंजून गेली होती. आवाजाचे प्रोग्राम लिहायला लागणारी ज्यूस नावाची तयार चौकट उतरवून घेतली आणि पहिला महिना, खोटं कशाला बोलू, ती नुसती कंपाइल करण्यात घालवला.

तुम्ही मुंबईहून आलात तोवर माझ्याकडे एक वस्तू तयार होती. तिला मी प्लगइन म्हणत होतो. ती वाजायची, पण मध्येच चटचट आवाज यायचे. पट्टीवरून बोट उचललं की ‘गे’ या धुमेवरच्या बोलाची गुंज गिळल्यासारखी तुटायची. आणि तिरकिट वाजवलं की शिवणयंत्र. मी सगळ्यांना सांगत होतो, लॅपटॉप जुना आहे. नवा घेतला की होईल.

चतुर्थीच्या रात्री तुमच्याकडे भजन झालं, उसळ-पाव झाला, माणसं पांगली आणि मी लॅपटॉप काढला. आबा होतेच. मी ऐटीत चार बोल वाजवले. आबांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली.

“ह्यो माझो पखवाज न्हय. ह्येका कोणी ढिलो केल्यान?”

माझं उत्तर तयार होतं. श्रावणात रेकॉर्ड केलाय, चामडं सादळलं असणार. आबा उखडले. “मी सुरात लावल्याशिवाय हात घालतंय काय?” झालं, आता भांडण, असं मला वाटलं. तेवढ्यात तुम्ही आतून हात पुसत आलात आणि दोनच प्रश्न विचारलेत. आबा, तुम्ही कुठल्या पट्टीत लावला होता? काळी दोन. आणि तू रेकॉर्डिंग कितीवर केलंस? अठ्ठेचाळीस हजार. मग तुम्ही माझ्या प्रोजेक्टच्या सेटिंगवर बोट ठेवलंत. तिथे ४४,१०० होतं.

त्या वेळी मला ते जादूसारखं वाटलं. आता उलगडून लिहितो, माझ्यासारखा दुसरा कोणी अडकला असेल तर त्याला उपयोग होईल. रेकॉर्डिंगमध्ये एका सेकंदाला ४८,००० नमुने घेतलेले. माझा कोड तेच नमुने सेकंदाला ४४,१०० या चालीने सोडत होता. म्हणजे आवाज सुमारे ८ टक्के सावकाश आणि तितकाच खाली, जवळजवळ दीड अर्धस्वर. काळी दोनचा पखवाज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या कुठल्यातरी फटीत जाऊन पडला होता. पेटीत तिथे पट्टीच नाही! ज्यूसमध्ये तयार मिळणारा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पट्टीवर वाजवणारा भाग, हे गुणोत्तर स्वतः सांभाळतो. मी शहाणपणा करून वाजवणारा भाग स्वतः लिहिला होता आणि एक भागाकार विसरलो होतो. एका ओळीची चूक, पण ती आबांच्या कानाने पकडली आणि तुम्ही त्या कानावर विश्वास ठेवलात. मी ठेवला नव्हता. आबांची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली, तुमच्यासमोर मागायला हवी होती.

पुढचे दिवस तुम्ही रोज रात्री थोडा थोडा वेळ दिलात. एकही ओळ लिहून दिली नाहीत, यावर मी तेव्हा मनातून थोडा रुसलो होतो, तेही सांगून टाकतो.

चटचटीचं कारण विचारलं तर म्हणालात, “पंगत बसल्यावर तांदूळ धुवायला घेतोस का?” मला काही कळेना. मग कागदावर मांडून दाखवलंत. कॉम्प्युटर आवाज घासाघासाने मागतो. ५१२ नमुन्यांचा घास, ४८,००० ची चाल, म्हणजे दर घासाला जेमतेम साडेदहा मिलिसेकंद. तेवढ्यात पान भरलं नाही तर पान रिकामं, आणि ते रिकामं पान म्हणजेच चट. माझा कोड पट्टी दाबल्यावर डिस्कवरची फाइल उघडायला जात होता. डिस्क कधी चटकन देते, कधी रेंगाळते. सगळे आवाज आधीच मेमरीत शिजवून ठेवायचे. प्रोसेसब्लॉकमध्ये, म्हणजे दर घासाला आवाज भरून देणाऱ्या कोडमध्ये, डिस्क नाही, नवी मेमरी मागणं नाही, कोणासाठी थांबणं नाही. त्या रात्री मी एवढंच बदललं आणि तोच जुना लॅपटॉप गुपचूप वाजायला लागला. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले, आईने तुम्हाला त्याबद्दल वेगळे आभार सांगितले आहेत.

शिवणयंत्राचा उलगडा करायला तुम्ही पितळी डबा घेऊन आलात. बोटाने हळू वाजवलात, मग जोरात. “आवाज नुसता मोठा झाला का?” नाही. जोराच्या टोल्यात धार होती, हळूत ती नव्हतीच. मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांची बोलायची ठरलेली पद्धत, १९८३ पासून पट्टीवरचा जोर ० ते १२७ असा मोजून देतं, आणि त्या आकड्याचा मी फक्त आवाज कमीजास्त करायला वापर केला होता. एकच फाइल, एकच टोला, कधी दुरून कधी जवळून. कान फसत नाही. तुम्ही म्हणालात, प्रत्येक बोल चार जोरांत घे आणि प्रत्येक जोराचे पाच वेगळे टोले घे. पाचही पाळीपाळीने वाजले पाहिजेत, पंगतीत वाढपी फिरतो तसे. याला राउंड रॉबिन म्हणतात हे मला नंतर वाचून कळलं. वाढपी आधी कळला होता.

इथे ज्यूसचा तयार सॅम्पलर अपुरा पडतो, हेही तुम्हीच दाखवलंत. तो कुठली पट्टी आणि कुठला चॅनेल एवढंच विचारतो, किती जोरात ते विचारून आवाज निवडत नाही. तेव्हा नोटऑन, म्हणजे पट्टी दाबल्यावर चालणारा कोड, आपल्या ताब्यात घ्यायचं आणि निवड आपण करायची. ते मी दिवाळीत लिहिलं. चार वेळा मोडलं.

आणि ते रातकिडे! माझ्या श्रावणातल्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक बोलाच्या शेपटीला रातकिडे होते. मला ते छानच वाटत होते, कोकणचं वातावरण वगैरे. तुम्ही हेडफोन लावलात आणि हसलात. “एकदम सोळा आवाज चालू राहिले तर सोळा घरचे रातकिडे.” बारा डेसिबलने वाढतील म्हणालात. पुन्हा रेकॉर्ड कर, पाऊस गेल्यावर.

आबांची रात्र जत्रांमुळे मिळेना. शेवटी मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी आमच्या कारखान्याच्या गोदामात बसलो. मालकांनी किल्ली दिली आणि ‘काय वाजवायचंय’ एवढंही विचारलं नाही. तिथे छतापर्यंत काजूच्या पोत्यांच्या थप्प्या. टाळी वाजवून पाहिली, आवाज जागच्या जागी मेला. गोधड्या टांगायची गरजच नाही. ता, दीं, ना, गे, क, धा. सहा बोल, चार जोर, पाच टोले, म्हणजे १२० चांगले टोले हवेत. आबांना जोर कसे समजवायचे? मी म्हटलं हळू, मध्यम, जोरात, आणि अंगात वारं आल्यासारखं. चौथा त्यांना लगेच कळला.

‘धा’ वेगळा कशाला घ्यायचा, गे आणि ता एकदम वाजवले की झालं, असा माझा हिशेब होता. आबांनी मला दोन्ही ऐकवले. हिशेब मागे घेतला. आणखी एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. खर्ज मिळावा म्हणून धुमेला लावलेली ओली कणीक दोन तासांत वाळायला लागते आणि गे हळूहळू वर सरकतो. पहिला गे आणि शेवटचा गे भावकीतले राहत नाहीत. मग आम्ही पाण्याचा हात लावून, पुन्हा लावून, गे आणि धा एका दमात उरकले. उरलेली कणीक आबांनी कावळ्यांना घातली. एका फाइलच्या शेवटी एक कावळा आहे. तो मी कापला, पण फाइल जपून ठेवली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक टोल्याच्या आधीची शांतता छाटली. काही फाइलींत ती ४० मिलिसेकंदांची होती, म्हणून पेटीच्या मागून पखवाज धावत यायचा. पट्टी सोडल्यावर आवाज तोडायचा नाही, पुरता वाजू द्यायचा, हेही झालं. मात्र ‘गे’ गुंजत असताना ‘क’ आला तर गुंज थांबलीच पाहिजे, कारण पंजा चामड्यावर बसलेला असतो. ड्रमकिटमध्ये हायहॅट ही झांजांची जोडी बंद वाजली की उघडीला गप्प करते, तोच न्याय. मी ती एकदम तोडली तेव्हा टक असा आवाज यायचा. आता आठ मिलिसेकंदांत उतरवतो.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि खरं तर तिच्यासाठीच हे पत्र आहे. तुमची सगळी उदाहरणं स्वयंपाकघरातली होती. पंगत, तांदूळ, वाढपी, डबा. मला वाटायचं, या अडाण्याला समजावं म्हणून सोपं करून सांगताय. आता आठवतं की तुमच्या बोटांना उकड लागलेली असायची आणि तुम्ही मनगटाने माझा माऊस सरकवायचात. सात दिवसांचा गणपती, घरात पंचवीस माणसं, सकाळी पाचला तुमची चूल पेटलेली. भजन संपल्यावर आम्ही पुरुष मंडळी पडवीत पाय पसरून बसलेलो असायचो, आणि तुम्हाला जी एक घटका मोकळी मिळायची ती मी लॅपटॉप उघडून घ्यायचो. वर म्हणायचो, “वहिनी, फक्त पाच मिनिटं.” त्यातली पाच मिनिटं एकदाही पाचांत संपली नाहीत. वर्षभर मुंबईत तुम्ही आवाजाच्या सॉफ्टवेअरचंच काम करता. गावी सुट्टीला आलेल्या माणसाकडून मी त्याचंच काम करून घेतलं. तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. एकदाच म्हणालात, “थांब, पातोळ्या उतरवते आणि येते,” आणि मी खरोखर थांबून राहिलो, पातोळ्या उतरवायला आलो नाही.

आभार या सगळ्याचे मानायचे होते. उशीर झाला.

प्लगइन आता व्हीएसटी३ या प्लगइनच्या प्रचलित साच्यात तयार आहे, आवाजांचा फोल्डर वेगळा, सगळा मिळून शंभरेक एमबी. पहिल्यांदा तुम्हाला पाठवला होता तेव्हा तो तुमच्याकडे मुका राहिला, कारण कोडमध्ये माझ्या सी ड्राइव्हचा पत्ता लिहिलेला होता. तेही दुरुस्त केलंय. परवा तालमीत आबांच्या मागे बसून वाजवला. आबा फिरले नाहीत. गजर संपल्यावर म्हणाले, “मी खंय वाजवलंय?” यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला नको.

यंदा चतुर्थीला लॅपटॉप माझ्या घरीच राहील. आदल्या रात्री तुमचे नारळ फोडायला आणि खोवायला मी येतोय, आईला सांगून ठेवलंय. विळी मला नीट येत नाही, तेवढं शिकवा.

आपला,
पेटीवाला

ता. क. : ‘ना’चा तिसरा जोर दुसऱ्यापेक्षा थोडा बारीक वाजतो. फाइलींची अदलाबदल झाली असावी. मी शोधतोय, तुम्ही शोधू नका.