गोळ्यांच्या पट्ट्या कापून आणू नका

योकोहामा, फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न.

एप्रिलअखेर तुम्ही निघाल म्हणजे नागपूरचा मे यंदा चुकेल, याचाच मला तुमच्या येण्याइतका आनंद आहे. तिकिटं दादा बघतोय. कपडे, लोणची, पापड यांचं नंतर बोलू. आधी औषधांचं, कारण त्याला वेळ लागतो आणि ऐनवेळी काही करता येत नाही.

तुम्ही 90 दिवस राहणार, तेव्हा गोळ्याही 90 दिवसांच्या लागणार. मेख इथेच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं जपानमध्ये महिनाभराचीच अशी सरळ आणता येतात. त्यापेक्षा जास्त असली तर निघण्याआधी इथल्या आरोग्य खात्याचा एक कागद काढावा लागतो, ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा. अर्ज ऑनलाइन आहे, फी काही नाही. तुमच्या नावानं तो भरायला मी बसेन. कोणत्या तारखेला, कोणत्या विमानानं, कुठे उतरणार हे त्यात लिहावं लागतं, म्हणून तिकीट झालं की लगेच कळवा. आलेला कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवायचा आणि उतरल्यावर कस्टमवाल्याला दाखवायचा.

बाबा म्हणतील, “काहून एवढा घोळ? महिन्याच्या नेऊ, बाकीच्या तिथंच घेऊ.” बाबा, आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. इथल्या डॉक्टरकडे नव्यानं जावं लागेल, आणि पाहुण्यांना इथला सरकारी विमा नसतो, म्हणजे सगळा खर्च खिशातून. प्रवासाच्या विम्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत. त्यापेक्षा कागद बरा.

मला यादी हवी आहे ती अशी: गोळीचं दुकानातलं नाव नको, आतल्या औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसाला किती. ‘टेल्मा’ म्हटलेलं इथं कुणाला कळणार नाही, टेलमिसार्टन 40 कळेल. मेटफॉर्मिन बाबा दिवसातून दोनदा घेतात, म्हणजे 180 गोळ्या, आणि बिनकागदाच्या त्यातल्या 60च चालतील. आईची थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, ती मिलिग्रॅममध्ये लिहून गोंधळ करू नका. आणि बाबा, रात्रीची झोपेची गोळी लपवू नका. मला ठाऊक आहे. अशा गोळ्यांना इथं वेगळा, जास्त कडक नियम असतो, म्हणून ती यादीत सगळ्यात आधी हवी.

धंतोलीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेलं पत्र घ्या, आजार कोणता आणि औषध किती असं सगळं लिहिलेलं. त्यांचं अक्षर आपल्या केमिस्टला लागतं, इथल्या साहेबाला लागणार नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आईच्या फायलीवर नुसतं ‘मिसेस’ आणि आडनाव आहे, ते बदलून घ्या. दोघांची पत्रं वेगळी, औषधंही आपापल्या नावावर.

आता पट्ट्या. आपला केमिस्ट दहाच्या पट्टीतल्या सहा गोळ्या कात्रीनं कापून देतो, आणि नाव नि एक्स्पायरी असलेला तुकडा बरेचदा त्याच्याच ड्रॉवरमध्ये राहतो. तशा उघड्या तुकड्यांवरून गोळी कसली हे कुणीच सांगू शकणार नाही. अख्ख्या पट्ट्या घ्या, बिलासकट. तीन महिन्यांचं एकदम घ्यायचं तर गांधीबागेतल्या दवाबाजारात जाऊन या, पण एक्स्पायरी ऑगस्टच्या पुढची बघून. आईचा तो सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा रिकामाच आणा, इथं आल्यावर भरू.

बाबांच्या इन्सुलिनचं मात्र नीट जपा. इंजेक्शनलाही महिन्याचीच मर्यादा आहे, तेव्हा पेन आणि सुया दोन्ही यादीत घाला. हे मोठ्या बॅगेत अजिबात नको. सामानाच्या कप्प्यात थंडीनं गोठलं तर संपलं, मग वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी ते वापरायचं नसतं. बर्फाची पिशवीही पेनाला थेट लावू नका, मध्ये रुमाल ठेवा. न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत हवीत आणि एप्रिलअखेर नागपूर 42च्या पुढे असतं, तेव्हा विमानतळावर जाताना ती पिशवी मांडीवर घ्या, डिकीत नाही. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. प्रवासाच्या दिवशी डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांनाच विचारा, माझ्या अंदाजावर जाऊ नका.

सर्दीच्या गोळ्यांवर स्यूडोएफेड्रिन लिहिलेलं दिसलं तर त्या घरीच ठेवा. 10 टक्क्यांहून जास्त असेल तर इथं बंदीच आहे, आणि टक्केवारी काढत कोण बसणार! कोडीनचं खोकल्याचं औषधही नको. विक्सच्या नळीबद्दल कुणी घाबरवलं तर ऐकू नका. बंदी उत्तेजक घटक असलेल्या नळीवर आहे, तशी अमेरिकेत मिळायची. आपल्या नळीत मेंथॉल नि कापूर असतो. तरी लेबल वाचून घ्या. चिठ्ठीविना मिळणारी मलमं, बाम, डोळ्यांचे थेंब यांची प्रत्येकी 24 नगांपर्यंत मुभा आहे, म्हणजे आईचं कैलास जीवन निवांत येईल. डोलोची एक पट्टी आणा. इथं दुकानात मिळणारी टायलेनॉल, म्हणजे तीच पॅरासिटामॉल, 300 मिलिग्रॅमची असते, बाबा तिला गोळी म्हणणार नाहीत.

आणि शेजारच्या काकू त्यांच्या लेकासाठी “दोनच पट्ट्या” द्यायला आल्या, तर माझं नाव सांगून सरळ नाही म्हणा. आपल्यासाठीचीच औषधं आणता येतात, दुसऱ्याची नाहीत. राग आला तर माझ्यावर येऊ दे.

मावशी दुबईला जाणार म्हणे. तिला सांग, अनारसे न्यायचे तर खसखस न लावलेले. खसखशीला तिथं बंदी आहे, आणि तिथला कायदा मावशीची हौस बघणार नाही.

दादाला सांगून या रविवारपर्यंत सगळ्या पट्ट्यांचे पुढून-मागून फोटो पाठवा. बाबांच्या चष्म्याचा नंबरही पाठवा.

तुमची,
मनू