सीताबर्डीच्या कॅमेरावाल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

दुरुस्तीचे पैसे दिले, थँक्यूही म्हणून झालं. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. तुम्ही माझा कॅमेरा माझ्यासमोर उघडलात. "ठेवून जा, आठवड्यानं ये" म्हणाला असतात तरी मी मुकाट्यानं गेले असते. त्याऐवजी तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "बस बेटा. आपली वस्तू आतून कशी असते ते पाय तं खरं."

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कॅमेरा झोर्की-४, रशियन, ३५ मिमी फिल्मचा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस लावायचा कॅमेरा. माझे मोठे मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तो कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, तिथे रशियन इंजिनिअर असायचे. त्यांच्यातल्या एकानं मायदेशी परतताना हा मामांना दिला. मामांनंतर तो माझ्याकडे आला. फोटो धुऊन आले तेव्हा प्रत्येक फ्रेममध्ये पांढरे ठिपके, आणि जवळचं काहीच फोकसमध्ये नाही. जिथे नेला तिथे एकच सल्ला मिळाला, शोकेसमध्ये ठेवा.

तुम्ही लेन्स काढलीत, आत बारीक टॉर्च धरलात, दुकानातला दिवा घालवलात आणि मागून बघायला लावलंत. शटरच्या काळ्या पडद्यात चांदण्या! रेंजफाइंडरमध्ये लेन्समागे आरसा नसतो. लेन्सला टोपण न लावता कॅमेरा उन्हात राहिला, तर भिंगातून आलेला सूर्य थेट रबर चढवलेल्या कापडी पडद्यावर एकवटतो आणि बारीक छिद्र जाळतो. आपल्याकडच्या उन्हात हे व्हायला किती वेळ लागणार? तुम्ही पातळ ब्रशनं काळा लवचीक रंग लावलात. जाड लावला तर पडदा ताठ होतो आणि शटरची गती बिघडते, हे सांगत सांगत. एक थर, वाळू द्यायचा, चावी भरून शटरचा दुसरा पडदा, पुन्हा वाळू द्यायचं. त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना तुम्ही बाहेरूनच वाटेला लावलंत, त्याबद्दल त्यांचीही आभारी आहे.

पण खरी देणगी फोकसची. व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक फिकट ठिपका दिसतो, त्यात वस्तूची दुसरी प्रतिमा. फोकसची कडी फिरवली की ती सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर बरोबर. माझ्या कॅमेऱ्यात त्या कधी एकत्र यायच्याच नाहीत, एक वर, एक खाली, भांडण झालेल्या जावांसारख्या. तुम्ही मला गच्चीवर नेलंत. लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यांत लांबच्या अंतरावर लावली आणि लांबच्या मोबाइल टॉवरकडे रोखली. समोरचा छोटा स्क्रू काढून आत पेचकस घातलात नि आडवा फरक मिटवलात. मग लहान खिडकीची कडी काढून आतली काच किंचित फिरवली आणि उभा फरक मिटवला. आणि मग मुद्दाम पुन्हा सगळं बिघडवलंत! "आता तू लाव." मी लावलं. त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत: "हे तुले जमते, मले कायले देते?"

तेव्हापासून मी कुणाकडे गेलेली नाही. पावसाळ्यानंतर एकदा उभ्या प्रतिमा पुन्हा सरकल्या होत्या, त्या घरीच गच्चीवरून दुरुस्त केल्या. लेन्स डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. "आधी चावी भर, मग गती फिरव" हा तुमचा नियम मी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला चिकटपट्टी लावून त्यावर लिहिला आहे. झोर्कीची गती चावी भरण्याआधी फिरवली तर आतलं यंत्र बिघडतं, हे रशियन माहितीपत्रक वाचता न येणाऱ्या आम्हाला कोण सांगणार?

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर नाही, म्हणून उन्हाचा अंदाज. तुमचं गणित पाठ झालं आहे: लख्ख ऊन, १०० आयएसओचा रोल, लेन्सचं छिद्र एफ १६, शटरची गती १/१२५ सेकंद. ४०० च्या रोलला उजेड कमी पुरतो, म्हणून मे महिन्यात तो मी हातात धरत नाही. १/१००० वर भरवसा ठेवू नको म्हणालात, तेही पाळते. ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुते आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, २० अंशांवर आणायला फ्रीजमधला सगळा बर्फ संपवते, त्यावरून आईची बोलणी खाते. रंगीत फिल्मचा डेव्हलपर ३८ अंशांवर लागतो; उन्हाळ्यात आपल्या टाकीचं पाणी बहुधा आपसूकच तिथवर पोचतं. या बाबतीत नागपूरकर जन्मजात भाग्यवान.

यंदा मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या आपल्या मिरवणुकीला, गेले होते. इतवारीतल्या त्या गर्दीत फोकस लावायला वेळ कुठला? अंतर ३ मीटर, एफ ११, म्हणजे साधारण सव्वादोन ते पावणेपाच मीटरमधलं सगळं चालेल असं. दुसरा डोळा उघडा ठेवला की चौकटीच्या बाहेरचंही दिसत राहतं, त्यामुळे बडग्याचा पुतळा खांद्यावर घेतलेली पोरं आत शिरायच्या आधीच कळतात. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडणारी एक आजी, मागे पिवळी मारबत, वर गच्च्यांवर लोक. तिचा फोटो तुम्हाला प्रिंट करून आणते आहे. एक जरा हलला आहे, पण तोच मला जास्त आवडला. तुम्ही ठरवा.

एक विनंती. कॉलेजमधल्या दोन मुलांना फेड, म्हणजे झोर्कीच्याच जातीचे सोव्हिएत कॅमेरे मिळाले आहेत, एकाचा पडदा अडकतो. तुमच्याकडे पाठवते आहे. भाव नंतर सांगा, आधी स्टूल द्या. त्यातला एक फार बोलतो, त्याला टॉर्च धरायला लावा.

तुमची,
झोर्कीवाली