पानगळीचे रंग पाहायला रोजचीच वाट हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पानगळीच्या रंगांची दोन पाने भरून छायाचित्रे होती. फोटो सुरेखच होते. मजकुरात मात्र एकच सूर होता: कुठल्या देशात, कोणत्या आठवड्यात गेलात तर रंग ऐन भरात सापडतील. तो आठवडा हुकला की वर्ष हुकले, असेच वाचणाऱ्याला वाटावे. मला हे पटले नाही, म्हणून हे पत्र. (मजकुरात या ऋतूला ‘शरद’ म्हटले होते. महिन्यांच्या हिशेबाने ते जुळत असेल, पण आपल्या भाषेत शरदाबरोबर निरभ्र आभाळ आणि चांदणे येते. पाने झडतात ती शिशिरात. म्हणून मी नुसते पानगळ म्हणतो.)

मी ३१ वर्षे कापडगिरणीच्या डाइंग खात्यात शेड जुळवण्याचे काम केले. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आलो. इथे थंडी लवकर पडते. घरामागे ओढ्याकाठाने जेमतेम दीड किलोमीटरची पायवाट आहे. तिच्यावर काही मॅपल, बर्चची एक रांग आणि दोन गिंको. या वाटेवर मी सलग तीन पानगळी रोज सकाळी चाललो आहे, शनिवार-रविवारी नात सोबत असते. पहिल्या वर्षी मीही त्या ‘ऐन भराच्या’ दिवसाची वाट पाहत होतो. तसा दिवस नसतो. प्रत्येक झाडाचे वेळापत्रक वेगळे, आणि एकाच झाडावर वरच्या फांद्यांचे वेगळे, आतल्या फांद्यांचे वेगळे.

आमच्या कामात हिरवी शेड पिवळा आणि निळा मिळून होते. निळा कच्चा निघाला तर धुण्यात उडून जातो आणि पिवळा उघडा पडतो. बर्च आणि गिंकोच्या पानांत जवळपास हेच घडते. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातले नायट्रोजनसारखे मोलाचे घटक खोडाफांद्यांत ओढून घेते. नवे हरितद्रव्य बनणे मंदावते, जुने मोडत जाते, आणि उन्हाळाभर झाकलेली कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. म्हणजे हा पिवळा पानात आधीपासूनच असतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून सोडला, तेव्हा हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे सुटे होऊन उभे राहिले. मिश्रणातले घटक असे सुटे करण्याच्या क्रोमॅटोग्राफी या तंत्राची ती सुरुवात. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

मॅपलच्या लालीची गोष्ट निराळी. हा रंग पान म्हातारे झाल्यावर नव्याने चढतो. पानात उरलेल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री मिळाल्या की लाली खुलते; सतत ढगाळ राहिले तर फिकी पडते. आणि त्याला उजेड लागतो. हे मी वाचण्याआधी नातीने शोधले. मागच्या वर्षी तिने वाटेवरून एक लालभडक पान उचलले. त्याच्या मधोमध दुसऱ्या पानाची टोकेरी आकृती होती, फिक्या पिवळ्या रंगात, कडा अगदी स्वच्छ. “आबा, हे कुणी छापलं?” फांदीवर असताना एक पान दुसऱ्यावर टेकले होते. जेवढा भाग झाकला गेला, तेवढ्यावर लाल चढलाच नाही. दोरा बांधून कापड रंगवले की बांधलेला भाग कोरा राहतो, तसेच. उभ्या आयुष्यात इतकी नेमकी छपाई मी पाहिली नव्हती. ते पान अजून माझ्या जुन्या शेडकार्डात आहे. आता ते तपकिरी झाले, पण आकृती दिसते.

रंग पाहायला ऊनच हवे असेही नाही. गिरणीत आम्ही नमुना नेहमी उत्तरेच्या खिडकीशी नेऊन पाहायचो, कारण तिथला उजेड सारखा असतो. ढगाळ सकाळी सगळी पायवाट तशा उजेडात असते. पावसाने खोड काळे झाले की त्यापुढे बर्चचा पिवळा असा काही उठून दिसतो की मी दर वेळी थांबतो.

वाटेच्या वळणावर दिव्याचा खांब आहे. त्याला लागून असलेल्या मॅपलची दिव्याकडची फांदी दर वर्षी शेवटपर्यंत हिरवी राहते. आधी मला तो रोग वाटला. पुढे वाचले की एडविन मॅट्झके यांनी रस्त्यावरच्या दिव्यांजवळच्या झाडांची पाने उशिरा गळतात, अशी निरीक्षणे १९३६ मध्येच प्रसिद्ध केली होती. रात्रीच्या उजेडामुळे त्या फांदीला दिवस लहान झाल्याचे कळतच नाही. पर्यटकाला हे दिसणार नाही, कारण तो एकदाच येतो. मी तिसऱ्या वर्षी पाहिले.

आणि पान गळल्यावर झाड संपले म्हणून घरी जाऊ नये. देठ जिथून सुटतो, तिथे आधीच पेशींचा एक नाजूक थर तयार झालेला असतो. पान सुटते आणि जखम बुचासारख्या थराने बंद होते. त्या व्रणाला नख लावून पाहा, ठणठणीत कोरडा असतो. आणि त्याच्या अगदी वर पुढच्या वर्षीची कळी बसलेली असते, पान झडायच्या आधीपासून.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. पुरवणीत चार बोटे जागा वाचकांच्या नोंदींना द्या. तारीख, झाड, काय दिसले, बस्स. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या, आणि तापमानाचा झाडांवर होणारा परिणाम अभ्यासताना शास्त्रज्ञांना त्या उपयोगी पडल्या. आपले वाचक पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत आहेत. उत्तरेत ऑक्टोबरात पाने झडतात, दक्षिणेत एप्रिलमध्ये, आणि उष्ण प्रदेशातली झाडे आपापल्या कोरड्या दिवसांत. तुमचे सदर कुठल्याच महिन्यात रिकामे राहणार नाही.

माझी पहिली नोंद सोबत देतो. १४ ऑक्टोबर, सकाळी साडेसात, ढगाळ. वळणावरचे मॅपल: शेंडा लाल, मधल्या फांद्या नारिंगी, शिरांच्या कडेने अजून हिरवे. दिव्याकडची फांदी पूर्ण हिरवी. मोठा गिंको: पाने फक्त काठाने पिवळी, अजून एकही गळलेले नाही.

आपला नम्र,
डाइंग खात्यातला एक निवृत्त कामगार