पकडणं सोपं, सोडवणं महाग

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडता म्हणजे जाळी लावता का?" फोनवर नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसत्या भोकांच्या मापावर तो गाळणं अवघड जातं. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन, आणि दोघांच्या रेणूंचा आकार जवळपास सारखाच. फरक आहे तो गुणधर्मात: कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी आहे. म्हणून त्याच्या वाटेत आम्लारिधर्मी द्रावण ठेवायचं. सगळ्यात रुळलेलं द्रावण मोनोइथेनॉलअमाइनचं, १०० किलोत ३० किलो अमाइन आणि ७० किलो पाणी. उंच मनोऱ्यात ते वरून झिरपतं, खालून ४०-५० अंशांपर्यंत गार केलेला धूर चढतो. अमाइनचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू धरतात. मग ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांच्या आसपास तापवलं की वायू सुटतो, आणि द्रावण गार होऊन परत पहिल्या मनोऱ्यात येतं.

खरी अडचण या दुसऱ्या मनोऱ्यात आहे. एक टन वायू सोडवायला साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात १० हजार लिटरहून जास्त गार पाणी उकळीला येईल. त्यातली निम्मी बंध तोडायला जाते, उरलेली पाणी तापवण्यात आणि वाफ करण्यात. शिवाय जास्त तापवलं तर अमाइनच विघटित होतं. धुरातल्या ऑक्सिजनने ते हळूहळू तपकिरी पडतं. सल्फर डायऑक्साइडशी त्याचे असे क्षार बनतात की ते उष्णतेने सुटतच नाहीत, म्हणून तो वायू आधीच धुऊन काढावा लागतो.

आता शाळेचं. कार्बन डायऑक्साइड सोडला की चुन्याची निवळी दुधाळ होते, इथेच बहुतेक वर्गांत प्रयोग संपतो. माझ्या मते खरा धडा त्यानंतर आहे, आणि शिक्षकांबरोबर काम करताना मी त्यावरच भर देते. आई, पद्धत तुलाही करून बघता येईल अशी लिहिते.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २ ग्रॅम विरलेला चुना ढवळून, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी गाळून घ्यायचं. भांडं उघडं राहिलं तर हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि निवळी कमजोर होते. या निवळीचे २५ मिलिलिटर घेऊन त्यात ७५ मिलिलिटर पाणी मिसळायचं. हे पाणी घालणं विसरलं की प्रयोग फसतो: पूर्ण ताकदीच्या निवळीत चुना इतका असतो की शुद्ध वायू कितीही सोडला तरी ती पुरती निवळत नाही. तोंडाने फुंकून तर नाहीच, कारण श्वासात हा वायू चारेक टक्केच असतो. शिवाय निवळी तोंडात ओढली जाण्याचा धोका वेगळाच.

दुसऱ्या बाटलीत ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून, तिच्यातून निघालेली नळी निवळीत बुडवून, सोड्यावर १०० मिलिलिटर व्हिनेगर थोडं थोडं ओतायचं. सुमारे १.४ लिटर वायू मिळतो. एकदम ओतलं तर फेस नळीतून निवळीत जातो आणि व्हिनेगरच दुधाळपणा विरघळवतं. मुलांना वाटतं प्रयोग झाला. वायू थांबताच नळी बाहेर काढायची, आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

निवळी आधी दुधाळ होईल, हा पहिला टप्पा; मग पुन्हा स्वच्छ, हा दुसरा. ते स्वच्छ पाणी उकळायचं, शेजारी तसंच साधं पाणीही. बुडबुडे दोन्हींत येतील, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. विरघळलेली हवाही तशीच निघते. गढूळ मात्र एकच होईल. दुसऱ्या टप्प्यात पकडलेला वायू सुटल्याचा तो पुरावा.

पहिल्या टप्प्यातला वायू मात्र त्या पांढऱ्या चुनखडीत अडकलेलाच राहतो. त्याला सोडवायला ९०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. फार घट्ट धरलं तर सोडवताना इंधन जातं, फार सैल धरलं तर विरळ धुरातून पकडताच येत नाही. या दोन्हींच्या मधला पदार्थ शोधायचा, हेच माझं काम.

भांडं धुताना तळाच्या थरावर व्हिनेगर टाका. फसफसून बाहेर येतो तो हाच उरलेला वायू, भट्टीशिवाय सुटलेला. पण त्यात चुना आणि व्हिनेगर दोन्ही खर्ची पडतात, पुन्हा वापरता येत नाहीत. म्हणून आम्हाला उष्णतेचाच रस्ता धरावा लागतो.

तुमची लेक